जुने लॅपटॉप ऑनलाइन विकतोय, विक्री होते पण पैसा उरत नाही, जातो कुठे?

सुदामानगर_इंदूर

नमस्कार मंडळी. मी इंदूरला असतो, दीड वर्षापासून जुने लॅपटॉप आणि थोडेफार मोबाईल घेऊन ऑनलाइन विकतोय. दिवसा नोकरी, हे काम संध्याकाळी आणि रविवारी. ऑफिसं जुनी मशीनं काढतात तिथून माल घेतो, कधी जेलरोडच्या बाजारातला ओळखीचा एखादा लॉट देतो. महिन्याला सहा-सात नग जातात. नगामागे चार-पाच हजार सुटतात असं मी धरून चाललो होतो, म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस हजार तरी दिसायला पाहिजेत ना, पण परवा पासबुक घेऊन बसलो तर दीड वर्षाचे मिळून जेमतेम चाळीस हजार शिल्लक, आणि पलंगाखाली न विकलेले सहा लॅपटॉप. उधळपट्टी कुठेच नाही हो, चहासुद्धा घरचाच. बायको विचारते की रात्री बारापर्यंत जागून करतोस ते कशासाठी, आणि मला सांगता येत नाही. जे लोक हा धंदा करतात त्यांनी कृपया सांगा, तुम्ही हिशोब नेमका कसा धरता? मी काहीतरी मोजतच नाहीये असं वाटतंय.

वहीखातं

दादा, महिन्याचा हिशोब बाजूला ठेवा. नुकताच विकलेला एक लॅपटॉप घ्या आणि त्यावर गेलेला एकेक रुपया लिहा, पेट्रोल आणि चिकटपट्टीसकट. मग वेळ लिहा. इथे टाका, बघू.

सुदामानगर_इंदूर

घ्या, काल रात्री बसून लिहिला. इंटेलच्या आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला लॅपटॉप, ११,५०० ला घेतला, एका मोठ्या साइटवरून पुण्याला १६,५०० ला विकला. माझ्या डोक्यात हे पाच हजार नफा म्हणून बसले होते.

बॅटरी अर्धा तास पण टिकत नव्हती, नवीन घातली १,८००. चार्जर सोबत आलाच नव्हता, तो ६५०. उघडून साफ केला, प्रोसेसर तापू नये म्हणून थर्मल पेस्ट लावली, दीडशे. साइटचं कमिशन ७ टक्के म्हणजे १,१५५, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, असे मिळून १,३६३ कापले. कुरिअर ४२०. हे मी नेहमी अडीचशे धरायचो, कारण मशीन, चार्जर, खोका सगळं मिळून वजन २.४ किलो भरलं होतं, पण पावती नीट बघितली तर त्यांनी साडेतीन किलोचे लावलेत. खोका, बबल रॅप, टेप मिळून १३०. आणायला-पोचवायला पेट्रोल १२०.

बेरीज ४,६३३. म्हणजे माझे राहिले ३६७ रुपये.

वेळ मोजला तर आणणं, साफ करणं, विंडोज टाकणं, फोटो, आणि त्या चौकश्यांना उत्तरं देणं (“लास्ट प्राइस काय” असं विचारणारे चाळीस जण तरी असतील) असे नऊ तास झाले. तासाला चाळीस रुपये पडले. रात्रभर झोप नाही लागली खरं सांगतो.

वहीखातं

साडेतीन किलोचं सांगतो. कुरिअरवाले नुसतं वजन नाही बघत, खोक्याचं आकारमान पण बघतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, त्याला बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात, आणि हे वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुमचा खोका किती मोठा होता?

सुदामानगर_इंदूर

४० बाय ३२ बाय १२. आता भागून बघितलं, ३.०७ येतंय. अर्ध्या किलोच्या टप्प्याने लावतात म्हणजे झाले साडेतीन. किराणा दुकानातून आणलेला खोका होता तो, फुकट मिळाला म्हणून खूश होतो.

वहीखातं

उंची १२ वरून ९ वर आणली असती तरी अडीच किलोच्या आत बसला असता. पण फार कमी करू नका, चारी बाजूंनी दोन बोटं तरी गादी पाहिजे, नाहीतर स्क्रीन फुटून आली की पंधरा वर्षांचं वाचवलेलं कुरिअरचं भाडं एका दिवसात जातं.

आणि तुमच्या यादीत परत आलेले नग नाहीत. दहातला एक तरी येतोच ना?

जेलरोड_रिपेअर

मी जेलरोडला रिपेअरचं काउंटर चालवतो, बारा वर्षं झाली. आधी ऑनलाइन विकायचो, आता फक्त काउंटरवर देतो, का ते सांगतो.

परत आलेल्या नगाचं दुखणं भाड्यापुरतं नसतं. माझा एक लॅपटॉप परत आला, कारण लिहिलं होतं “स्लो चालतो”. मी पाठवताना ८ जीबी रॅमच्या दोन स्टिका टाकलेल्या, १६ जीबी, फोटो पण होता. चालू केला तर ८ दाखवतोय. पाठचं झाकण उघडलं तर एक खाच रिकामी, आणि त्या खाचेभोवती धूळ नाही, तिथे कालपर्यंत काहीतरी बसलेलं होतं हे डोळ्याला कळत होतं. स्क्रूच्या डोक्यावर ताजा चरा, आतलं पांढरं धातू चमकत होतं. मी साइटला फोटो पाठवले, तर म्हणे आधीच्या फोटोत हा स्क्रू दिसत नाही. बरोबर होतं त्यांचं, मी वरून फोटो काढला होता, पाठीचा काढलाच नव्हता. रॅम गेली, दोन्ही बाजूचं भाडं गेलं, आणि तोपर्यंत त्या मॉडेलचा भाव हजार-दीड हजार उतरला.

तेव्हापासून पॅक करायच्या आधी प्रत्येक स्क्रूच्या कडेला नेलपॉलिशचा एक टिपका लावतो, अर्धा स्क्रूवर अर्धा बॉडीवर. कोणी उघडलं की तो टिपका तुटतो. मग एका सलग व्हिडिओत सिरीयल नंबर, टिपके, चालू स्क्रीनवर रॅम आणि एसएसडी (डेटा साठवायची डिस्क), आणि न थांबवता तसाच खोक्यात घालून टेप. याला नगामागे वीस मिनिटं लागतात, ती पण खर्चात लिहा.

आता खरेदीबद्दल, कारण भिया, पैसा विकताना कमी जातो, घेताना जास्त जातो. ऑफिसमधून निघालेल्या मशीनवर कंपनीचा कंट्रोल असतो. मी एकदा पाच नग उचलले, पाचही मस्त चालू. घरी विंडोज नवीन टाकली, वायफायला जोडलं, तर दोघांवर त्या कंपनीचं लॉगिन पान येऊन बसलं, आणि कंपनीतून कोणी त्या मशीनचा नंबर त्यांच्या यादीतून काढून टाकत नाही तोवर ते पान जात नाही, कितीदाही फॉरमॅट करा. बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन मागतं तो पासवर्ड असतो तो वेगळाच. ते दोन मी पार्ट्समध्ये काढले. आता घेतानाच, देणाऱ्यासमोर, माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून रिसेट करून बघतो. माणूस कंटाळतो, कंटाळू दे. मोबाईल असेल तर जुन्या मालकाचा आयडी त्याच्या हातून काढून घ्यायचा, आयफोनला आणि अँड्रॉइडला दोघांनाही, नाहीतर रिसेटनंतर तो त्याचाच पासवर्ड मागतो.

बॅटरी बघायची तर विंडोजमध्ये powercfg /batteryreport ही कमांड द्या, एक फाइल बनते, त्यात नवीन असताना किती धरायची आणि आता किती धरते दोन्ही आकडे येतात. निम्म्याखाली असेल तर बॅटरीचे पैसे तिथेच भावातून कापून घ्या. तुमचे ते १,८०० असेच वाचले असते.

पलंगाखालचे सहा कुठल्या जनरेशनचे आहेत?

सुदामानगर_इंदूर

चार सहाव्या जनरेशनचे आहेत, दोन सातव्या. एकदम स्वस्त मिळाले म्हणून लॉट उचलला होता गेल्या उन्हाळ्यात.

जेलरोड_रिपेअर

मग ते का पडलेत ते कळलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासूनच चालते. गिऱ्हाईक आता पहिला प्रश्न हाच विचारतं. ज्यांनी लॉट विकला त्यांना हे माहीत होतं, म्हणून तर स्वस्त दिला. जबरदस्तीने ११ टाकून, न सांगता विकू नका, परत येईल आणि नाव जाईल. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून स्पष्ट सांगून द्या, नाहीतर रॅम, एसएसडी, स्क्रीन, कीबोर्ड वेगवेगळे विका, मला लागले तर मी पण घेईन. पण ठेवू नका. जुनं मशीन म्हणजे लोणचं नाही की मुरेल, दर महिन्याला भाव उतरतो.

कर_माळवा

टॅक्सचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी हेच काम करतो.

सुदामानगर, तुमची जीएसटीची नोंदणी आहे का? तुम्ही साइटवरून पुण्याला माल पाठवलात असं लिहिलंय म्हणून विचारतो. लोक “वर्षाची विक्री चाळीस लाखाच्या आत आहे, काही लागत नाही” एवढंच ऐकून बसतात. मध्य प्रदेशात मालाच्या विक्रीला ती ४० लाखांची मर्यादा आहे हे खरं, पण ती राज्याच्या आत विकणाऱ्याला. दुसऱ्या राज्यात माल विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि साइटवरून विकणाऱ्याला पूर्वी कुठेही विकलं तरी नोंदणी सक्तीची होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला सूट मिळाली, पण ती आपल्याच राज्यात विकण्यापुरती, आणि त्याला पण पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो.

नोंदणी केली तर जुन्या मालासाठी मार्जिन स्कीम आहे, सीजीएसटी नियम ३२ चा पोटनियम ५. पूर्ण विक्रीवर टॅक्स न लागता विक्री आणि खरेदीच्या फरकावर लागतो, अट अशी की त्या खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घ्यायचं नाही. किरकोळ दुरुस्ती चालते, वस्तूचं स्वरूप बदलायला नको. लॅपटॉप-मोबाईलला दर १८ टक्के. तुमच्या या नगाचा फरक ५,०००, त्यात टॅक्स आतच धरला तर ७६३ रुपये. स्कीम घेतली नाही तर पूर्ण १६,५०० मधून २,५१७ जातील, म्हणजे ही स्कीम घेतल्याशिवाय हा धंदा होतच नाही. पण लक्षात घ्या, फरक म्हणजे विक्री वजा खरेदी. बॅटरी, चार्जर, कुरिअर त्यातून वजा होत नाही. तुमचे ३६७ राहिले होते ना, त्यातून ७६३ काढा.

मग जीएसटीचे रिटर्न आले. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचा, उशीर झाला तर निरंक रिटर्नलाही दिवसाला २० रुपये. साइट विक्रीवर अर्धा टक्का जीएसटीचा टीसीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापते, तो रोख खात्यात क्रेडिट म्हणून मिळतो पण तोवर अडकून असतो. प्रत्येक खरेदीचा कागद ठेवा, कोणाकडून घेतला, किती दिले. तो नसला तर फरक दाखवणार कशाच्या जोरावर?

घरातला स्वतः वापरलेला फोन विकणाऱ्याला यातलं काही नाही, तो धंदा नाही. वाचून कोणी घाबरू नका.

लष्कर_ग्वाल्हेर

मी ग्वाल्हेरहून. माझ्यासोबत झालं ते सांगते, कारण हा खर्च कुठल्याच वहीत येत नाही.

माझा वापरलेला टॅबलेट आणि भावाचा कॅमेरा असं मिळून २२,००० ला एकाला विकलं, पैसे यूपीआयने आले, सगळं व्यवस्थित. सात-आठ दिवसांनी किराण्याचे पैसे द्यायला गेले तर पेमेंट फेल. बँकेत गेले तर म्हणाले खातं होल्डवर आहे, बाहेरच्या राज्यातल्या पोलिसांकडून आलंय. झालं असं होतं की त्या माणसाने दुसऱ्या कोणाला तरी फसवून पैसे उचलले आणि ते पैसे मला दिले. त्या फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर तो माग माझ्या खात्यापर्यंत आला. माझी चूक काहीच नाही, पण पगार त्याच खात्यात यायचा. मुलीची फी उसने घेऊन भरली. चार महिने लागले. सुटले ती कशाने, तर चॅटचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती आणि मूळ खरेदीचं बिल हे तिन्ही होतं म्हणून.

आता मी सांगते सगळ्यांना, विक्रीसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात जास्त पैसे राहू देऊ नका, आणि पगाराचं खातं कोणाला देऊ नका. आणि पैसे यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, कोणी क्यूआर पाठवून “स्कॅन करा म्हणजे पैसे येतील” म्हणाला तर फोन ठेवून द्या. माझ्या शेजारच्या काकांचे असेच गेले, सोफा विकताना.

जेलरोड_रिपेअर

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. मोबाईलच्या खरेदीत पण तसंच आहे. घेण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) बघा, बिल आणि खोक्याशी जुळतो का ते बघा, मग मेसेजमध्ये KYM लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ ला पाठवा, ब्लॅकलिस्ट असेल तर तिथेच कळतं. संचार साथी या सरकारी साइटवर पण होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने बिल न बघता फोन घेतला, तो चोरीचा निघाला, फोन तर गेलाच पण ठाण्याच्या चकरा मारता मारता त्याचं दुकान महिनाभर अर्धं बंद. देणाऱ्याच्या आधारची कॉपी आणि सही घ्या, जो देत नाही त्याचा फोन घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

दांडियाबाजार

बडोद्याहून. मी जुन्या लेन्सा विकतो, लॅपटॉपचं नाही कळत, पण एक सांगायचं होतं. माल घरात ठेवणं हा पण खर्च आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दोन लेन्सांत बुरशी आली, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात काचेत, टॉर्च मारल्यावर. आठ हजाराची लेन्स अडीच हजारात गेली. तुमच्या पलंगाखालच्या बॅटऱ्या मधून मधून चार्ज करता का? पूर्ण उतरून महिनोन् महिने पडल्या तर पुन्हा धरत नाहीत.

सुदामानगर_इंदूर

दांडियाबाजार भाऊ, तुमचं वाचून लगेच उठून बघितलं. सहातल्या एकाचा टचपॅड वर उचललेला दिसला, आधी लक्षातच आलं नव्हतं. झाकण काढलं तर बॅटरी फुगून उशीसारखी झालेली. मुलगा त्याच पलंगावर झोपतो. अंगावर काटा आला.

तिला काय करू आता, टोचू-बिचू नये एवढं माहीत आहे.

जेलरोड_रिपेअर

टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. कनेक्टर हलकेच काढा, चिकटवलेली असेल तर ओढाताण करू नका, मशीनसकट माझ्याकडे आणा. तोवर गच्चीवर नाहीतर बाहेर, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा, उन्हात नाही. नंतर सकाळच्या कचरागाडीत ई-वेस्टचा कप्पा वेगळा असतो, ओल्या-सुक्यात टाकू नका, गाडीवाल्याला फुगलेली बॅटरी आहे असं तोंडाने सांगून हातात द्या. मागे दाबयंत्रात गेली तर आग लागते, त्या लोकांचे हात असतात तिथे.

आणि अशी सुटी बॅटरी कुरिअरने कधीच पाठवू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून २०१६ पासून बंद आहेत. मशीनमध्ये बसवलेली असली तरी बुकिंग करताना खरं लिहा आणि रस्त्याने जाणारी सर्व्हिस घ्या.

सुदामानगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

फुगलेली बॅटरी गेली. बाकीच्या पाचांतले दोन लिनक्स टाकून भंवरकुआँला कोचिंगच्या दोन पोरांना दिले, काय आहे काय नाही सगळं सांगून, समोर चालू करून दाखवून. एकाला तर फक्त ऑनलाइन क्लास आणि पीडीएफ वाचायचे होते. तीन पार्ट्समध्ये काढले, जेलरोडदादांनीच स्क्रीन घेतल्या. लॉटमध्ये घातलेले पैसे पूर्ण नाही निघाले, साडेतीन हजार गेले, पण ते गेलेले आता वहीत दिसतायत.

बाहेरच्या राज्यातली विक्री बंद केली, मागची जी झाली त्याचं काय करायचं त्यासाठी कर_माळवांनी सांगितलं तसं एका सीएकडे कागद दिलेत. विक्रीचं वेगळं खातं उघडलं. या तीन आठवड्यात फक्त दोन लॅपटॉप घेतले, दोन्ही हॉटस्पॉट लावून तपासून, एकाची बॅटरी ४१ टक्क्यांवर होती म्हणून दीड हजार कमी करून घेतले. दोन्ही इंदूरमध्येच हातोहात गेले. कमिशन नाही, कुरिअर नाही. पेट्रोल, चार्जर, बॅटरी सगळं काढून पहिल्यात २,१५० राहिले, दुसऱ्यात १,४००. वेळ मिळून साडेसात तास. बायकोला वही दाखवली, ती म्हणाली वेळेचा रकाना मी भरणार, तू कमी लिहितोस.

एकच विचारायचं राहिलं, हातोहात विकताना पोरांना किती दिवसांची वॉरंटी द्यावी? महिनाभर म्हणालो आहे मी.

जेलरोड_रिपेअर

पंधरा दिवस द्या, आणि ते कागदावर लिहून, सिरीयल नंबर टाकून, दोघांच्या सह्या घेऊन. बॅटरी आणि स्क्रीन फुटणं त्यात नाही हे पण लिहा. महिना म्हणालात तर या दोघांना महिनाच द्या, पुढच्यापासून पंधरा. आणि नेलपॉलिश हातोहात विकताना पण लावा.